साठीची अक्षत

गुंडा धनगराचं वय किती, हे त्याच्या आईलाही आकड्यात सांगता आलं नसतं. ती एवढंच सांगायची, की मोठा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मेंढरं घेऊन निघालो होतो, वाटेत एका ओढ्याकाठी तू झालास, आणि तिसऱ्या दिवशी वाडा पुढं हलला. वाडा म्हणजे मेंढरांचा फिरता मुक्काम. माणसं, कोकरं, घोडं, कोंबड्या, सगळं त्यात आलं. तो ओढा कुठला आणि हद्द कुठल्या गावाची, हे कुणाला ठाऊक? गाव नाही म्हणून पाटील नाही आणि पाटील नाही म्हणून जन्माची नोंद नाही. गुंडाचं त्यावाचून चाळीस-पंचेचाळीस वर्षं काहीही अडलं नव्हतं. जतची मेंढरं भावाकडं सोडून तो सांगलीला आला, दाजीसाहेब कॉलेजात शिपाई झाला, चौदा वर्षं तिथली घंटा त्यानं वाजवली, आणि एकाही प्रोफेसरनं घंटा वेळेवर झाली नाही अशी तक्रार केली नाही. उलट फार वेळेवर होते अशी तक्रार काहींची होती.

१९४६ साली मात्र त्याचं वय अडलं.

झालं असं, की युनिव्हर्सिटीची कमिटी पाहणीला आली. कमिटीनं ग्रंथालय पाहिलं, प्रयोगशाळा पाहिली, पोटभर जेवण केलं आणि निघता निघता विचारलं, की तुमच्या नोकरांसाठी काही नियम आहेत की नाहीत. नव्हते. माणूस मरेपर्यंत किंवा प्रिन्सिपॉलसाहेब चिडेपर्यंत नोकरी, असाच आजवरचा रिवाज होता. मग नियम करायचं काम हेडक्लार्क नरसोपंत ढवळीकरांकडं आलं. नरसोपंतांना नियम करायला मनापासून आवडायचं. आठ दिवस त्यांनी टाइपरायटर बडवला, आणि जानेवारीच्या एका सकाळी सगळ्या शिपायांना ऑफिसच्या ओसरीवर उभं करून ते नियम वाचून दाखवले.

पंचावन्न वर्षं पुरी झाली की निवृत्ती, आणि हे येत्या वीस जूनपासून लागू. ज्याची नोकरी पंधरा वर्षं भरली त्यालाच फंडातला कॉलेजचा वाटा. वयाला शाळेचा दाखला किंवा गावच्या दप्तरातला जन्माचा उतारा हवा. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, त्याचं वय हेडक्लार्कनं माणूस पाहून लिहावं. आणि वयाची खोटी माहिती देणाऱ्याला ताबडतोब घरी पाठवलं जाईल आणि त्याचा वाटाही बुडेल, मग तो प्रोफेसर असो की शिपाई. हे शेवटचं वाक्य नरसोपंतांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा वाचलं.

आता या नरसोपंतांचं आणि गुंडाचं दिवाळीपासून वाकडं होतं. कारण म्हैस. धनगर आहे, जनावरातलं कळतं, म्हणून नरसोपंतांनी आपल्या घरच्या म्हशीचं शेणपाणी आणि धार गुंडाच्या गळ्यात घातली होती. पगार कॉलेजचा आणि राबणूक घरची, असं सहा वर्षं चाललं. दिवाळीत गुंडाची बायको अंबूबाई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळली, तेव्हा गुंडा म्हणाला, साहेब, आता मला जमायचं न्हाई. नरसोपंत तेव्हा काहीच बोलले नाहीत. असली माणसं तिथल्या तिथं काही बोलत नसतात.

ओसरीवर एकेकाचं वय लिहिणं सुरू झालं. पहिला आप्पासो. तो पहिल्या महायुद्धात पलटणीत होता, त्याच्याकडं शिक्क्याची लाल वही होती. सरकारचा शिक्का बघितल्यावर नरसोपंत काय बोलणार? मुकाट्यानं लिहून घेतलं. मग गुंडा पुढं झाला.

"दाखला?"

"न्हाई साहेब. पर दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातला हाय मी. आप्पासोनं बोटं मोजून सांगितलं, चव्वेचाळीस हुत्यात."

"आप्पासो हेडक्लार्क झाला काय?" नरसोपंतांनी चष्मा कपाळावर चढवला. ओसरीच्या कडेला दहा-पंधरा विद्यार्थी मजा बघत उभे होते. ते पाहून त्यांना चेव आला. "तुम्ही धनगर लोक जनावराचं वय कशावरून सांगता रे?"

"दातावरनं," गुंडा सरळपणे म्हणाला.

"मग उघड तोंड."

गुंडाला वाटलं, साहेब थट्टा करतात. पण नरसोपंत खुर्चीवरून उठले, त्यांनी दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली, पेन्सिलीनं वरचा ओठ उचलला आणि बाजारात बैल बघतात तसं आत डोकावून बघितलं. वरचे चार दात नव्हते. विसाव्या वर्षी एका एडक्यानं टक्कर मारून ते पाडले होते. तेव्हापासून गुंडाचे गाल आत गेलेले, आणि माणूस होता त्यापेक्षा म्हातारा दिसायचा.

"आदत नाही, दुसा नाही, हा तर जुळूनही पडलेला दिसतोय," बैलाचं वय सांगायचे शब्द वापरत नरसोपंत विद्यार्थ्यांकडं बघत म्हणाले. "लिहिलं चोपन्न. जूनपर्यंत पंचावन्न पुरी होतील."

पोरं खदाखदा हसली. काही शिपाईही हसले, पोटापाण्यासाठी नोकरीत असतात त्यांना हसावं लागतं. आप्पासो तेवढा हसला नाही. वातावरण जरा हलकं करावं म्हणून तो म्हणाला, "आन साहेब, तुमचं किती लिवलं?"

"माझा शाळेचा दाखला आहे बाबा," नरसोपंत रुबाबात म्हणाले. "त्रेपन्न. अजून दोन वर्षं तुम्हाला माझा जाच आहे!"

पुन्हा सगळे हसले. गुंडा पेन्सिलीची चव तोंडात घेऊन घंटेकडं गेला. तास भरला होता, त्यानं ठोके दिले. पण तळपायाची आग मस्तकाला भिडली होती, आणि ती पुढं कितीतरी महिने तिथून खाली उतरली नाही.

सरळ विचार केला तर गुंडाचं जे जात होतं ते काही थोडं नव्हतं. नोकरीची पंधरा वर्षं भरायला एकच वर्ष कमी, म्हणजे कॉलेजचा वाटा गेला. जिमखान्यामागची राहायची खोली गेली. अकरा वर्षांचा पगार गेला. लेक लग्न होऊन सासरी गेलेली, मुलगा नाही. म्हणजे आता जतला भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, जिथं पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणावं लागतं, आणि ते आणायचं अंबूबाईनं, त्या असल्या गुडघ्यांनी. हे सगळं खरं. पण रात्रंदिवस गुंडाच्या डोळ्यांसमोर यातलं काहीच यायचं नाही. त्याला फक्त ती दोन बोटं दिसायची आणि ती पेन्सिल.

"प्रिन्सिपॉलसायबाच्या पाया पडा," अंबूबाई म्हणाली. "त्यो देवमाणूस हाय."

"देवमाणूस हाय, पर सही करतो ती नरसू म्होरं ठेवील त्याच कागदावर," गुंडा म्हणाला. ते खोटं नव्हतं. नियमातही तसंच होतं, की पाहून लिहिलेलं वय दुरुस्त करायचं तर ते हेडक्लार्कनं लेखी द्यायचं, प्रिन्सिपॉलसाहेबांनी सही करायची.

"मग हेडक्लार्काच्या पाया पडा."

गुंडानं तिच्याकडं असं बघितलं, की ती पुन्हा तसं बोलली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा नरसोपंतांच्या गोठ्यात हजर झाला. न सांगता, न बोलावता. शेण काढलं, म्हैस धुतली, धार काढली, दुधाची चरवी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. नरसोपंतांना वाटलं, आला वठणीवर. शिपाई म्हणाले, गुंडा लाचार झाला. आप्पासो तर तोंडावर म्हणाला, "थू तुझ्या जिनगानीवर गड्या, ज्यानं तोंड उघडून बघितलं त्याचीच म्हस पिळतुयास?"

गुंडा दुसऱ्या दिवशीही धारेला गेला. लांडगा आठ-आठ दिवस कळपाच्या मागं चालत राहतो आणि एकाही मेंढराला तोंड लावत नाही, हे त्यानं लहानपणी बघितलेलं होतं. माणसाचं वर्म घराबाहेर सापडत नाही, त्यासाठी त्याच्या परसदारी जावं लागतं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नरसोपंतांच्या घरी सापडण्यासारखं काहीच सापडेना. माणूस खडूस होता, चेंगट होता, पण लाच खाणारा नव्हता, बाहेरख्याली नव्हता. गुंडाला याचाही राग यायचा.

एप्रिलच्या शेवटी नरसोपंत म्हणाले, "गुंडा, आमच्या गावी घरची शांत आहे, ग्रहांची. चार दिवस चल बरोबर. सामान फार आहे."

गाव वाईजवळचं, कृष्णेच्या काठावरचं. गुंडा डोक्यावर भांड्यांचं पोतं घेऊन निघाला. मिरजेहून गाडीनं सातारा रोड स्टेशन, तिथून सर्व्हिस मोटारीनं वाई, तिथून बैलगाडी. नरसोपंतांच्या बायकोचं नाव मनुबाई. बाई बोलायला मऊ, नवऱ्याच्या बरोबर उलट. वाटेत तिनं गुंडाला आपल्या डब्यातल्या दशम्या दिल्या. त्यानं त्या खाल्ल्या, पण मनातला राग काही त्यांबरोबर गिळला नाही.

शांतीच्या दोन दिवस आधी सकाळी मनुबाई माजघरात कणीक तिंबत बसली होती. गुंडा दाराबाहेर लाकडं फोडत होता. गावचे गुरुजी यादी घेऊन आले आणि विचारू लागले, की दिवे किती केलेत.

"चाळीस झालेत," मनुबाई म्हणाली. "अजून वीस करायचे. साठीच्या शांतीला साठ दिवे हवेतच. त्यात एकही कमी नको मला."

गुंडाची कुऱ्हाड हवेतच थांबली.

गुंडाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मेंढरं मोजणाऱ्याला हिशेब शिकवावा लागत नाही. विसांनी मोजायची त्याला सवय. चाळीस म्हणजे दोन विसा, वरती अजून एक. तीन विसा. नरसोपंतांना तीन विसा पुऱ्या झाल्या होत्या! आणि ओसरीवर, पंधरा माणसांसमोर, ते म्हणाले होते त्रेपन्न.

शाळेत घालताना बापानं सात वर्षं दाबून लिहिली असणार. ते त्या काळी पुष्कळ जण करत, नोकरी लांबावी म्हणून. दाखल्यावर काय वाटेल ते लिहिता येतं. पण शांत करायची ती ग्रहांची, देवासमोर, कुंडलीतल्या तिथीला. तिथं खोटं साल सांगून कसं भागणार? आणि साठीची शांत न करता तसंच बसायचं, तर मनुबाईच्या जिवाला घोर. म्हणून सांगलीत कुणाला कळू नये अशी, इतक्या लांब, मूळ गावी ती शांत होती. ऑफिसला खोटं सांगायला नरसोपंत कचरले नव्हते, देवाला सांगायला मात्र त्यांची छाती झाली नव्हती.

गुंडाला इतका आनंद झाला, की त्यानं ती लाकडं गरज नसताना बारीक बारीक फोडली.

थोड्या वेळानं मनुबाई पाणी द्यायला बाहेर आली. "जूनमध्ये तू सुटतोस म्हणे रे," ती म्हणाली. "तुझं वय तेवढं वाटत नाही."

"वाटत न्हाई बाईसाहेब, आन न्हाईच ते. साहेबांनी लिवलंय."

"म्हणजे?"

गुंडानं सांगितलं. तोंड कसं उघडायला लावलं, ओठ कशानं उचलला, कोण कोण हसलं. काही वाढवून सांगितलं नाही. मनुबाईच्या हाताला कणीक तशीच वाळत राहिली. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. त्या दुपारी माजघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून नवरा-बायकोचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. बाईचा आवाज असा चढलेला गुंडानं कधी ऐकला नव्हता. तुमच्या शेजारी पाटावर बसायची नाही मी, एवढंच एक वाक्य त्याला कळलं. मोठ्या घरातल्या कुरबुरी, म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

शांतीच्या आदल्या दिवशी सकाळी नरसोपंतांनी त्याला हाक मारली. त्यांच्या हातात दोरी बांधलेली फाइल होती. मे महिन्यात प्रिन्सिपॉलसाहेब पाचगणीला असत, चेअरमन लालासाहेबांच्या बंगल्यात पाहुणे म्हणून. वाईच्या वर घाट चढला की पाचगणी.

"ही फाइल वर नेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात दे," नरसोपंत म्हणाले. बोलताना ते गुंडाकडं न बघता अंगणातल्या तुळशीकडं बघत होते. "कॉलेजचे कागद आहेत. सही झाली की सांगलीला घेऊन येतील ते." मग जरा घुटमळून म्हणाले, "सावकाश जा. ऊन फार आहे."

चौदा वर्षांत या माणसानं कुणाला ऊन आहे म्हणून सांगितलं नव्हतं. गुंडाला ती माया अगदी शिसारी आणणारी वाटली. मनुबाई दारात आली, तिनं त्याला भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "परत आलास की आधी मला भेट. तुला एक सांगायचंय." गुंडानं मान हलवली. आणि देवघराच्या उंबऱ्याशी पूजेच्या तयारीत वाटीभर अक्षता कालवून ठेवल्या होत्या, त्यातल्या चिमूटभर त्यानं उचलल्या आणि पटक्याच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

पसरणीचा घाट तो पायी चढला. वाटेत एका झाडाखाली भाकरी खाताना त्याच्या मनात एक गोष्ट आली, नाही असं नाही. परत फिरावं, नरसोपंतांना म्हणावं, साहेब, तुमची साठी माझ्या पोटात राहील, माझी चव्वेचाळीस तुमच्या कागदावर येऊ देत. नरसोपंतांनी निमूट लिहून दिलं असतं. खोली राहिली असती, वाटा मिळाला असता, अंबूबाईला पाणी ओढायला लागलं नसतं. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. पण मग नरसोपंत त्याच खुर्चीवर, तीच पेन्सिल कानावर लावून, पुढंही बसले असते. गुंडाला ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्याला वय नको होतं. त्याला चारचौघांसमोर त्या माणसाचा उतरलेला चेहरा बघायचा होता. त्यानं भाकरीचा उरलेला तुकडा मुंग्यांना टाकला आणि उठला.

बंगल्याच्या व्हरांड्यात प्रिन्सिपॉलसाहेब आणि लालासाहेब पत्ते खेळत होते. लालासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, उसाची शेती, मिशीला पीळ, आणि शब्दाला पक्के. संस्थेला जागा दिली ती त्यांच्याच वडिलांनी. गुंडानं फाइल प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता बाजूच्या स्टुलावर ठेवली आणि वर पानाचा डबा ठेवला.

मग गुंडानं पटक्याची गाठ सोडली, अक्षता तळहातावर घेतल्या आणि दोघांपुढं धरल्या.

"हे काय रे?" प्रिन्सिपॉलसाहेब हसून म्हणाले.

"अक्षत हाय साहेब. उद्या सकाळी याचं हाय. खाली, हेडक्लार्कसाहेबांच्या गावी."

"कुणाचं लग्न?"

"लगीन कुठलं, साहेब. हेडक्लार्कसाहेबांची साठी भरली न्हवं का. शांत हाय. साठ दिवं केल्यात बाईसाहेबांनी, कणकेचं. आमी गरीब मानसं, आमाला काय कळतंय त्यातलं. पर मोठी मानसं आल्याबिगर शोभा न्हाई, म्हनून म्हनलं सांगून जावं."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी हातातली पानं खाली ठेवली. ते काही बोलायच्या आत लालासाहेबांनी हात पुढं केला, गुंडाच्या तळहातावरच्या अक्षता घेतल्या आणि आपल्या पागोट्याला लावल्या.

"अक्षत आली म्हणजे जायलाच पायजे," ते म्हणाले. "उद्या पहाटे मोटर काढायला सांगा."

गुंडा तो घाट अक्षरशः पळत उतरला. मनुबाईनं आधी भेट म्हणून सांगितलं होतं. तो तिच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या दारानं गोठ्यात शिरला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसोपंत आणि मनुबाई अंगणात पाटावर बसले होते. नरसोपंतांच्या डोक्यावर भोकांचं भांडं धरलेलं, त्यातून धारा पडत होत्या, आणि भोवती साठ दिवे लागलेले. माणूस भिजून अर्धा झाला होता. उघडं अंग, छातीवरचे पांढरे केस चिकटलेले, डोळे मिटलेले. गुरुजी खड्या आवाजात सांगत होते की यजमानांचं साठावं पूर्ण होऊन एकसष्टावं लागलं. तेवढ्यात बाहेर मोटर थांबली.

लालासाहेब आधी आत आले, मागून प्रिन्सिपॉलसाहेब. लालासाहेबांच्या हातात नारळ होता. ते काहीही न बोलता पाटाच्या पुढं येऊन उभे राहिले, आणि नरसोपंतांनी डोळे उघडले.

तो चेहरा गुंडानं गोठ्याच्या दारातून बघितला, पोटभर बघितला. आधी रंग गेला. मग नरसोपंतांनी दोन्ही हातांनी उघडी छाती झाकायचा प्रयत्न केला, जणू वय तिथंच लिहिलं होतं. वरून पाणी पडतच होतं.

"साठ पुरी झाली म्हणायची, नरसोपंत," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "लय आनंद झाला." त्यांनी नारळ पाटासमोर ठेवला आणि दिवे मोजले. एकेक, मोठ्यानं, साठपर्यंत. कुणीच त्यांना थांबवलं नाही. मनुबाईनं मान खाली घातली ती वर केली नाही.

नरसोपंतांची नजर भिरभिरत गोठ्याकडं आली, आणि तिथं गुंडा उभा होता. गुंडा तोंड उघडून हसला. चार दात नसलेलं सबंध तोंड त्यानं त्यांना नीट दाखवलं. एवढं सुख त्याला लग्नात झालं नव्हतं की लेक झाली तेव्हा झालं नव्हतं.

पुढचं सगळं झटक्यात झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला सभा भरली. नरसोपंतांना वीस जूनची वाटसुद्धा बघू दिली नाही, त्यांनीच केलेल्या आणि दोनदा वाचलेल्या नियमानं त्याच दिवशी घरी पाठवलं, वाटाही बुडवून. शिपायांनी गुंडाला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आप्पासो आपल्या शब्दाची माफी मागायला खोलीवर आला आणि म्हणाला, "गड्या, पलटणीत असला नेम धरणारा म्या बघितला न्हाई. आता जा, सायबाकडनं तुजं वय दुरुस्त करून घे. आता कोन आडवतंय?"

गुंडा गेला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं. मग टेबलावरची एक फाइल पुढं ओढली. दोरी सुटलेली होती, पण गुंडानं ती ओळखली.

"तू पाचगणीला आणलीस ती ही," साहेब म्हणाले. "मी परवा उघडली. यात दोन कागद होते. एक परीक्षेच्या वेळापत्रकाचा. दुसरा नरसोपंतांच्या हातचा. वाचतो, ऐक." आणि त्यांनी वाचलं. शिपाई गुंडा याचे वय मी रागाच्या भरात व त्याचा अपमान करण्याच्या हेतूने चुकीचे लिहिले. ते चव्वेचाळीस आहे. दुरुस्तीस मंजुरी मिळावी, आणि माझ्या हातून झालेल्या या गोष्टीबद्दल जी ताकीद द्यायची ती मला द्यावी.

गुंडानं वाकून कागदाकडं बघितलं, वाचता येत नसतानाही.

"मी डोळे झाकून सही केली असती रे," साहेबांचा आवाज खाली गेला. "त्याच दिवशी केली असती, आधी फाइल उघडली असती तर. पण आता सभेनं ठराव केलाय. ज्यानं स्वतःचं वय खोटं सांगितलं, त्याच्या लेखी शब्दावर कुणाच्याही वयाची दुरुस्ती करायची नाही. लालासाहेब ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, जन्माचा उतारा आणा, लगेच बदलतो. तुझ्याकडं आहे उतारा?"

ओढ्याचा उतारा कोण देणार? गुंडानं मान हलवली, मुजरा केला आणि बाहेर आला. तास भरला होता, पण त्या दिवशी घंटा तीन मिनिटं उशिरा झाली. प्रोफेसरांनी तेवढ्यापुरते आपापले तास लांबवले.

संध्याकाळी त्यानं अंबूबाईला सगळं सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. ती भिंतीला टेकून, गुडघ्यांना तेल लावत ऐकत होती.

"म्हंजी कागद तुमीच घिऊन गेलता," ती म्हणाली.

"व्हय."

"आन ती बाई तुमाला सांगनार हुती."

"व्हय. म्या भेटलोच न्हाई तिला."

अंबूबाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "एक इचारते. खरं सांगा. कागदात काय हाय ते आधी ठावं असतं, तर तुमी अक्षत दिली नसती?"

गुंडाच्या डोळ्यांसमोर तो भिजलेला, उघडा, पांढराफटक माणूस आला, आणि इतकं सगळं होऊनही त्याला पुन्हा तेच सुख झालं.

"दिली असती," तो म्हणाला.

अंबूबाई भिंतीचा आधार घेत उठली आणि फळीवरची भांडी एकेक करून खाली काढू लागली.

"मंग जतला पानी तुमी आनायचं," ती म्हणाली.

आणि त्यानं ते आणलं. जतच्या त्या वस्तीवर पुरुष माणूस डोक्यावर घागर घेऊन विहिरीवरून येताना कुणी कधी बघितला नव्हता. बायका पहिल्यांदा हसल्या, भावानं तर बोलणंच टाकलं. पुढं अकरा वर्षं, म्हणजे खरोखरची पंचावन्न पुरी होईपर्यंत, गुंडा दोन कोसांची ती वाट रोज दोनदा चालला. चावडीवर कुणी विचारलं, की तो नरसोपंतांच्या साठीची गोष्ट रंगवून सांगायचा, दिवे मोजण्यापर्यंत आला की मांडीवर थाप मारायचा, आणि तिथंच थांबायचा. घरात, अंबूबाईसमोर, त्यानं ती गोष्ट एकदाही सांगितली नाही.